बस कुठे थांबते, ते कोण ठरवतं?

(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावासमोर 'शहरी वाहतूक : धोरण आणि स्थानिक नेतृत्व' असं भारदस्त काहीतरी छापलंय. सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलंच, की हिंसाचार, रेशन, घराचा हक्क यांच्यामध्ये हे कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. आपल्या संघटनांच्या मागण्यांच्या यादीत बस क्वचितच असते, आणि असली तर 'राखीव जागा वाढवा' एवढ्यावर संपते. बस कुठून निघावी, किती वाजता यावी, तिकीट किती असावं, हे आपण पावसासारखं धरून चालतो. आला तर आला, नाही तर छत्री आपली आपण आणायची. पण पाऊस कोणी ठरवत नाही, बस मात्र कोणीतरी ठरवतं. ते कोण, आणि त्यांच्यापर्यंत आपण कसं पोचायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

मी मुंबईत एम-पूर्व विभागात काम करते. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, देवनारचं डम्पिंग ग्राउंड हा सगळा भाग त्यात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या २४ विभागांमध्ये हा विभाग सगळ्यांत तळाला होता. इथल्या मोठ्या मोठ्या वसाहती माणसांनी आपणहून वसवलेल्या नाहीत. माणसं उचलून इथे आणली गेली. का आणली, ते ऐकण्यासारखं आहे. मुंबईची लोकल वेगाने धावावी, रूळ वाढावेत, रस्ते रुंद व्हावेत म्हणून २००२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा वाहतूक प्रकल्प सुरू झाला. रुळांच्या कडेच्या आणि रस्त्यांवरच्या लाखाहून जास्त माणसांना त्यासाठी हलवायचं होतं. त्यांतली पुष्कळशी लल्लूभाई कंपाउंड, वाशी नाका अशा ठिकाणच्या सातमजली इमारतींमध्ये आली. घर पक्कं मिळालं, सव्वादोनशे चौरस फुटांचं. संडास घरात आला. ही छोटी गोष्ट नाही, बायकांसाठी तर नाहीच. पण रोजगार राहिला जुन्याच जागी. पुनर्वसनाबद्दल तक्रारी इतक्या झाल्या, की बँकेच्या तपासणी मंडळाने चौकशी केली आणि १ मार्च २००६ ला बँकेने काही काळ पैसाच थांबवला. शहराची वाहतूक सुधारावी म्हणून ज्यांना हलवलं, त्यांचाच कामावर जायचा रस्ता लांबला. धोरण कसं चुकतं याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

आता बायका प्रवास कसा करतात ते बघू. पुरुष साधारणपणे सकाळी एक लांब फेरी करतो आणि संध्याकाळी ती उलटी करतो. बाईच्या फेऱ्या तुकड्यातुकड्यांच्या असतात. मुलाला बालवाडीत सोड, तिथून धुण्याभांड्याचं पहिलं काम, तिथून दुसरं, वाटेत रेशन, सासूला घेऊन राजावाडीला किंवा सायनला. प्रत्येक तुकड्याला नवं तिकीट, नवी वाट बघणं. त्यामुळे लांबच्या अंतराचं भाडं तेवढंच ठेवून कमीत कमी भाडं वाढवलं, तरी मार बाईलाच बसतो.

हिशेबच करू. जुलै २०१९ मध्ये बेस्टने साध्या बसचं कमीत कमी भाडं आठ रुपयांवरून पाच रुपये केलं. काही महिन्यांतच रोजचे प्रवासी कित्येक लाखांनी वाढले. म्हणजे 'लोकांना बस नकोच आहे, रिक्षा हवी' हे खरं नव्हतं. मग ९ मे २०२५ पासून हेच भाडं दहा रुपये झालं, वातानुकूलित बसचं सहाचं बारा. जाताना दोन आणि येताना दोन छोट्या बस धरणाऱ्या घरकामगार बाईचे सुटी तिकिटं काढून महिन्याच्या २६ दिवसांचे ५२० रुपये व्हायचे, त्याचे १०४० झाले. पास काढला तर थोडे वाचतात, पण पासाचे पैसे एकदम हातात असावे लागतात. एका घरच्या धुण्याभांड्याचा अर्धाअधिक पगार असा रस्त्यावरच जातो. रिक्षा म्हणाल तर तिचं कमीत कमी भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झालं. मग काय करतात? चालतात. २००४ मध्ये जागतिक बँकेने मुंबईतल्या पाच हजार कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा कामावर जाणाऱ्यांतली ४४ टक्के माणसं पायी जाणारी निघाली. आमच्या वस्तीतली एक ताई जाताना बस धरते आणि येताना चालत येते. म्हणाली, "जाताना उशीर झाला तर मालकीण बोलते. येताना उशीर झाला तर नुसते पाय बोलतात." नवराही बोलतो, पण ते तिने नंतर सांगितलं.

मुली तर या हिशेबात आधी कापल्या जातात. दहावीनंतर चेंबूरचं किंवा घाटकोपरचं कॉलेज मिळालं, की घरात दोन प्रश्न येतात. तिकिटाला रोज किती, आणि अंधार पडायच्या आत येशील का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलीच्या हातात नसतं, ते बसच्या वेळापत्रकात असतं.

तर हे वेळापत्रक, हे भाडं ठरवतं कोण? इथे जरा किचकट भाग आहे, पण तो समजून घेतल्याशिवाय आपण चुकीच्या दारावर मोर्चा नेत राहू. लोकल रेल्वे केंद्राची. मेट्रो राज्य सरकारच्या यंत्रणांच्या हातात. रिक्षाचं भाडं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. बस मात्र महापालिकेची आहे. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली आणि ऑगस्ट १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही कंपनी महापालिकेने ताब्यात घेतली. तेव्हापासून बेस्टवर नगरसेवकांची समिती असते. भाडेवाढीचा प्रस्ताव आधी त्या समितीत, मग महापालिकेच्या सभागृहात, आणि मग परिवहन प्राधिकरणाकडे जायचा, अशी रीत. बेस्टचं अंदाजपत्रक साधारण ऑक्टोबरात मांडतात, महापालिकेचं फेब्रुवारीत. तारखा लिहून घ्या, पुढे लागतील.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नव्हेच. ७ मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं सभागृह नाही, बेस्ट समिती नाही, नगरसेविका नाहीत. सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने. बसचं भाडं दुप्पट झालं ते याच काळात. २२७ जागांपैकी ११४ बायकांसाठी राखीव असलेलं सभागृह अस्तित्वात असतं, तर भाडं वाढलं नसतं असा माझा दावा नाही. पण निदान चर्चा झाली असती, कोणी हात वर केला ते दिसलं असतं, आणि आपल्याला कोणाच्या घरी जाऊन जाब विचारायचा ते कळलं असतं. आरक्षणासाठी आपण १९९० च्या दशकात भांडलो, आणि मग चार वर्षं सभागृहच नव्हतं. याबद्दल आपल्या संघटनांनी जेवढं बोलायला हवं होतं तेवढं आपण बोललो नाही, असं मला वाटतं.

पैशाकडे वळते. बेस्ट तोट्यात आहे, हे वाक्य तुम्ही हजारदा ऐकलं असेल. पूर्वी बेस्टच्या वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरून निघायचा. वीज कायदा बदलला आणि ही वाट हळूहळू बंद झाली. मग तोटा कोणी भरायचा? महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. त्यात बेस्टसाठी एक हजार कोटी. म्हणजे शंभर रुपयांतला सव्वा रुपया आणि वर थोडे पैसे. याच महापालिकेने स्वतःच्या तिजोरीतून तेरा हजार कोटींच्या वर खर्चून किनाऱ्याचा रस्ता बांधला. त्याचा उपयोग मुख्यतः कोणाला, तर ज्याच्या दारात गाडी आहे त्याला. त्या रस्त्याचा कोणी 'तोटा' काढत नाही. रस्ता बांधला की ती सोय, आणि बस चालवली की तो तोटा, ही भाषाच आधी नाकारली पाहिजे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट लिहिलं आहे, की विचार वाहनं हलवण्याचा नको, माणसं हलवण्याचा हवा. कागद चांगला आहे. आपण तो निवेदनाला जोडावा, साहेब लोकांना आपलंच धोरण वाचायला आवडतं.

तोटा कमी करायचा म्हणून दुसरी वाट धरली ती कंत्राटाची. २०१० च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांच्या वर बस होत्या. जून २०१९ मध्ये कामगार संघटनांशी करार झाला, की स्वतःच्या ३,३३७ बस राखू. २०२५ पर्यंत एकूण ताफा तीन हजारांच्या आत आला आणि त्यात बेस्टच्या मालकीच्या बस हजाराच्याही आत राहिल्या. बाकीच्या वेट लीजवर, म्हणजे बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, आणि बेस्ट किलोमीटरमागे पैसे देणार. कंत्राटदाराला परवडेनासं झालं की तो जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने असंच काम थांबवलं आणि त्याच्या अडीचशेहून जास्त मिनी बस रस्त्यावरून गेल्या. नंतर आणखीही गेले. मिनी बस कुठे चालतात? मोठी बस वळत नाही अशा अरुंद रस्त्यांवर, स्टेशनपासून वस्तीपर्यंत. म्हणजे आपल्याच बायकांच्या मार्गांवर. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी समान कामाला समान वेतन मागत संप केला, तेव्हा त्यांच्या घरच्या बायकाही आझाद मैदानात बसल्या होत्या. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात वेट लीजची बस गर्दीत घुसली आणि माणसं मेली. ड्रायव्हरला त्या प्रकारच्या बसचं शिक्षण किती दिलं होतं, हा प्रश्न त्यानंतर सगळ्यांनी विचारला. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या मागण्या आणि आपल्या मागण्या वेगळ्या नाहीत, हे मला यातून सांगायचंय. मिनी बसमध्ये कंडक्टर गाडीत न ठेवता स्टॉपवर उभा करायची पद्धत आली, तेव्हा हिशेबात एक पगार वाचला. पण कोणी अंगाला अंग घासायला लागलं तर बाईने बघायचं कोणाकडे? कंडक्टर म्हणजे नुसता तिकीट फाडणारा नव्हे.

फुकट प्रवासाचा विषय कोणीतरी काढणारच, तेव्हा मीच काढते. दिल्लीने ऑक्टोबर २०१९ मध्ये बायकांना बस मोफत केली, तामिळनाडूने मे २०२१ मध्ये साध्या बसमध्ये, कर्नाटकाने ११ जून २०२३ ला 'शक्ती' योजनेत. कर्नाटकात जुलै २०२५ पर्यंत पाचशे कोटी फेऱ्या झाल्या. नुसत्या आकड्यावरून कळतं की बायकांना जायचं होतंच, पैसे अडवत होते. आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. पण एसटी राज्याची आणि बेस्ट महापालिकेची. त्यामुळे साताऱ्याहून अर्ध्या तिकिटात मुंबईला आलेली बाई राज्याच्या त्या निर्णयाच्या बळावर डेपोपासून मानखुर्दपर्यंत येऊ शकत नाही. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत बेस्टच्या भाड्याबद्दल आश्वासनं दिली गेली. ते जाहीरनामे जपून ठेवा, फेकू नका.

माझं मत विचाराल तर सवलत हवीच, पण पहिली मागणी बसची. फुकट तिकीट हातात आहे आणि स्टॉपवर पाऊण तास बस नाही, तर त्या तिकिटाचं लोणचं घालायचं का? शिवाय मोफत योजना आल्या त्या राज्यांत, स्टॉपवर नुसत्या बायका दिसल्या की ड्रायव्हर बस पुढे काढतो, अशा तक्रारी झाल्या. कारण त्याच्या वरिष्ठांना गल्ला दाखवायचा असतो. सरकारने सवलतीची पूर्ण भरपाई वेळेवर दिली नाही, तर बाई ही परत 'नुकसान' ठरते. 'लेडीज स्पेशल'बद्दलही माझं असंच आहे. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली महिला लोकल सुरू झाली तेव्हा आपल्या संघटनांना आनंद झाला, आणि तो योग्य होता. पुण्यात ८ मार्च २०१८ ला बायकांसाठी तेजस्विनी बस आल्या, मुंबईत २०१९ च्या शेवटी. पण गर्दीच्या वेळच्या मोजक्या खास बसचा पहाटे पाचला निघणाऱ्या सफाई कामगार बाईला उपयोग नाही. तिला साधीच बस हवी आहे, पण वेळेवर.

आणि पैसा लागतच नाही असेही काही निर्णय असतात. कॅनडात टोरांटोमध्ये तिथल्या स्त्री-संघटनांनी वाहतूक खात्याबरोबर बसून स्टॉप, स्टेशनं, अंधारे कोपरे तपासले, आणि १९९१ मध्ये एक साधा नियम आला. रात्री बाईने सांगितलं तर दोन स्टॉपच्या मधेही बस थांबवायची. नवीन बस नाही, कॅमेरा नाही, ॲप नाही. केरळमध्येही रात्रीच्या वेळी बायकांना हव्या त्या जागी उतरवायच्या सूचना एसटीला आहेत. आपल्या शहरांत हे मागायला काय हरकत आहे?

स्थानिक नेतृत्व म्हटलं की पुस्तकांत नेहमी कोलंबियातल्या बोगोटाच्या महापौराचं उदाहरण असतं, ज्याने गाड्यांचा रस्ता बसला दिला. उदाहरण चांगलं आहे, पण तिथल्या महापौराच्या हातात कारभार होता. आपल्या महापौराच्या हातात मुख्यतः सभागृहाची घंटा असते, कारभार आयुक्ताच्या, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. म्हणून एखादा कर्तबगार माणूस येईल आणि बस सुधारेल, याची वाट बघण्यात अर्थ नाही. इथे नेतृत्व म्हणजे बेस्ट समितीतला सदस्य, आपल्या प्रभागाची नगरसेविका, डेपोचा व्यवस्थापक आणि स्टॉपवरच्या बायका, यांची साखळी.

आमच्या गटाने काय केलं ते थोडक्यात सांगते. पहाटेच्या बसबद्दल निवेदन द्यायचं ठरलं, तर एक आजी म्हणाल्या, "निवेदनात काय लिहिणार, बस येत नाही? ते म्हणतील येते." म्हणून नऊ जणींनी एक वही केली. पाळीपाळीने दोन आठवडे स्टॉपवर लिहायचं : बस किती वाजता आली, चढायला जागा होती का, किती बायका राहिल्या, त्यांना कुठे जायचं होतं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी रेघा मारल्या. वही घेऊन डेपोत गेलो. तिथल्या साहेबांनी आम्हाला बसवून घेतलं आणि आपलं वेळापत्रक पुढे टाकलं. तेव्हा कळलं, की पहिली फेरी ज्या वेळेला लावली होती ती शाळेच्या हिशेबाने. घरकामाच्या बायका त्याच्या आधीच चालायला लागतात, म्हणून त्या वेळेला स्टॉप रिकामा दिसतो आणि कागदावर 'प्रवासी नाहीत' असं पडतं. जी बाई वाट बघून कंटाळून चालू लागली, ती कोणाच्याच मोजणीत येत नाही. त्यांनी ती फेरी वीस मिनिटं अलीकडे घेतली. तेवढं त्यांच्या अधिकारात होतं. जादा बस मागितली तेव्हा मात्र म्हणाले, "ते इथे ठरत नाही, बाई. ते अंदाजपत्रकात ठरतं." त्यांचं खरं होतं.

स्टॉपवरच्या दिव्याचं काम मात्र अजून लोंबकळतंय. खांब एकाचा, दिवा दुसऱ्याचा, फूटपाथ तिसऱ्याचा. त्यासाठी प्रभाग समितीच्या बैठकीला जातोय, नगरसेविकेला बरोबर घेऊन. ती नवी आहे, तिलाही बेस्टच्या कामकाजाचं फारसं माहीत नव्हतं. आम्ही तिला वही दाखवली, तिने ती दोनदा वाचली. पहिल्यांदा निवडून आलेल्या बायकांना कोणी पक्षातले पुरुष हे शिकवत नाहीत, आपणच शिकवायला हवं. मुंबईत 'आमची मुंबई, आमची बेस्ट' हा नागरिकांचा आणि कामगारांचा मंच बरीच वर्षं भाडं, ताफा, डेपोंच्या जमिनी यांवर लढतोय. त्यांच्या बैठकांना आपल्या वस्त्यांतल्या बायका गेल्या पाहिजेत. डेपोंच्या जमिनींकडे विशेष लक्ष ठेवा. डेपो विकासाला दिला की रात्री बस उभ्या करायला जागा उरत नाही, आणि मग पहाटेची पहिली बस लांबून यायला लागते.

ऑक्टोबरात बेस्टचं अंदाजपत्रक, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपली वही भरलेली हवी. गणपती मधे येतात, तेव्हा ऑगस्टपासूनच सुरू करा. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूरच्या मैत्रिणींनी आपापल्या शहरात बस कोणाची आहे, महापालिकेची की स्वतंत्र कंपनीची, आणि तिच्या समितीवर किंवा संचालक मंडळावर कोण बसतं, एवढं आधी शोधून काढा. नाही सांगितलं तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज. मागच्या टेबलावर वहीचे छापील तक्ते ठेवलेत, एकेका गटाने दहा-दहा घ्या. रेघा मारायचा रकाना मोठा ठेवला आहे. पनवेलच्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्या प्रश्नाने चर्चा सुरू करू या.